तुटलेल्या पार्टचा लाकडी पॅटर्न: पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी

गुऱ्हाळाच्या चरकाचा ब्रॅकेट ऐन हंगामात तडकतो. इचलकरंजीतल्या एखाद्या जुन्या मागाचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आर्म मोडतो. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली असते आणि भंगारातही तसा पार्ट मिळत नाही. कोल्हापुरात फौंड्र्यांना तोटा नाही: उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, कुठेही जा. पण तुटका तुकडा घेऊन गेलात की उत्तर एकच मिळतं, "ओतून देतो, पॅटर्न आणा."

हा लेख त्या पॅटर्नसाठी आहे. सुतारकाम बेताचं येतं, मशीनची समज आहे, पण फौंड्रीसाठी कधी काही केलेलं नाही, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: चरकाच्या शाफ्टला आधार देणारा बिडाचा बेअरिंग ब्रॅकेट. खाली २४० × ९० मिमीचा बेस, जाडी २२. वर ९० मिमी व्यासाचा, १०० मिमी लांबीचा बॉस, म्हणजे भोकाभोवतीचा जाड गोल भाग. त्यात ५० मिमीचं भोक. बेसच्या तळापासून भोकाच्या मध्यापर्यंत उंची ११०. आणि बेस-बॉसला जोडणारी, बेसच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर उभी असलेली १८ मिमी जाड रीब. बेसमध्ये १८ मिमीची दोन बोल्टची भोकं.

एक गोष्ट आधी मनात पक्की बसवा. पॅटर्न म्हणजे पार्टची लाकडी नक्कल नव्हे. वाळूत जो पोकळ ठसा हवा आहे, तो उमटवण्याचं आणि वाळू न मोडता बाहेर येण्याचं ते साधन आहे. खालची प्रत्येक पायरी यातूनच निघते.

१. पॅटर्न करायचाच का, हे ठरवा

सपाट ब्रॅकेट, साधा कान, पट्टीसारखा आर्म असेल तर एमएस प्लेट कापून वेल्डिंगने करणं स्वस्त आणि लवकर होतं. तडा सरळ असेल, भार कमी असेल, तर बिडाचं निकेल रॉडने वेल्डिंग किंवा ब्रेझिंगही चालतं. पण धक्के खाणारा पार्ट वेल्डच्या शेजारून पुन्हा तडकतो. आणि जिथे मशीन थरथरते तिथे बिडाची जागा पोलादी प्लेट नीट घेत नाही, कारण बीड कंपन शोषून घेतं. अशा ठिकाणी नवीन ओतणंच बरं.

एकच नग आणि आकार मोठा असेल, तर थर्माकोलचा पॅटर्न करून देणारेही आहेत. तो एकदाच वापरता येतो. शेकड्याने नग लागणार असतील तर अॅल्युमिनियमचा पॅटर्न. एक ते काही डझन नगांसाठी लाकूडच परवडतं.

२. जवळ काय हवं

मोजायला: व्हर्नियर, स्टीलची पट्टी, गुण्या, कंपास-डिव्हायडर, आणि सपाट पृष्ठभागासाठी सरफेस प्लेट. ती नसेल तर १२ मिमी जाड काच चालते.

कामाला: बारीक दातांची करवत, रंधा, चपट्या आणि गोल पटाश्या, कानस, शिकंजे, ड्रिल. लाकडी लेथ स्वतःकडे असण्याची गरज नाही, बॉससारखे गोल तुकडे बाहेर कातून मिळतात.

माल: ९ मिमी मरीन प्लाय, वाळलेलं सागवान किंवा शिवण, फेविकॉल, स्क्रू, पितळी डॉवेलच्या (पॅटर्नचे दोन अर्धे जुळवणाऱ्या खुंट्यांच्या) दोन जोड्या, पुट्टी, चपडा लाख आणि स्पिरिट किंवा एनसी रंग, १२० ते ३२० नंबरचा पॉलिश पेपर, आणि फिलेटसाठी (आतले कोपरे गोल करायला) मेणाची किंवा चामड्याची पट्टी.

३. मापं मशीनवरून घ्या, तुटक्या पार्टवरून नव्हे

नवखा माणूस इथेच सर्वांत जास्त फसतो. पार्ट तुटला म्हणजे तो बहुधा आधी झिजला होता. भोक ५२ मिमी भरलं म्हणून ५२ लिहिलं, तर तुम्ही झीज ओतून घेणार. भोकाचं माप शाफ्टवरून किंवा बुशवरून घ्या, तेही शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर. बोल्टच्या भोकांमधलं अंतर फ्रेमवर मोजा. सेंटरची उंची दुसऱ्या बाजूचा ब्रॅकेट अजून शाबूत असेल तर त्याच्यावरून घ्या.

तुकडे जुळवून काचेवर ठेवा आणि टेपने बांधा. तुटलेल्या कडा एकमेकींत बसल्या तरी त्यांच्यात अर्धा-पाऊण मिमी फट राहते, ती वजा करा. ब्रॅकेट तुटण्याआधी वाकलाही असू शकतो. बेसचा तळ काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा.

जुनी विलायती मशीन असेल तर मिमीमध्ये विचित्र आकडे येतील: १९.०५, ३८.१, ५०.८. ते पाऊण, दीड आणि दोन इंच आहेत. अशा मशीनवर ५०.४ भरलं तर ते झिजलेले दोन इंच असण्याचीच शक्यता मोठी. आकडे इंचात बदलून बघितले की मूळ ड्रॉइंग काय असेल ते आपोआप उलगडत जातं.

याच वेळी धातू ओळखा. तुटलेला भाग करडा आणि दाणेदार दिसतो, कानस लावली की काळसर भुकटी पडते, ड्रिलचा चुरा तुटक-तुटक निघतो: ते साधं बीड, म्हणजे ग्रे आयर्न. ड्रिलमधून लांब वेटोळी निघाली तर पोलाद. एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचं, चिवट बीड) या दोन्हींच्या मधलं, ते हातोडीच्या ठोक्याला साध्या बिडापेक्षा खणखणीत वाजतं. शंका राहिली तर तुकडा फौंड्रीत दाखवा, अनुभवी माणूस लगेच सांगतो. धातू चुकला तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

आणि तुकडे काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. त्यात १० ते १५ टक्के मिळवलं की कच्च्या कास्टिंगचा अंदाज येतो. आपला ब्रॅकेट साधारण साडेआठ-नऊ किलोचा होईल.

४. वाळूतून कसा निघेल, ते आधी ठरवा

मोल्ड, म्हणजे वाळूचा साचा, दोन पेट्यांत होतो, वरची आणि खालची. दोन्हींच्या मधली सपाटी म्हणजे पार्टिंग. पॅटर्न तिथे दोन भागांत उघडतो आणि प्रत्येक अर्धा भाग सरळ बाहेर ओढला जातो. ओढताना कुठलाही भाग वाळूत अडकता कामा नये.

आपला ब्रॅकेट डोळ्यांसमोर आणा. मशीनवर तो बेसवर उभा असतो, म्हणून बहुतेक जण पॅटर्नही तसाच उभा धरून विचार करतात. तसा धरला तर बॉसच्या पोटाखालची वाळू अडकते. भोकाच्या मध्यातून बेसची लांबी अर्धी करत उभा चिरला, तर निघतो. पण बेसची पट्टी १२० मिमी खोल वाळूत जाते आणि ती काढताना वाळू हमखास मोडते.

बरोबर मार्ग तिसरा. ब्रॅकेट आडवा पाडा, म्हणजे भोक उभं आकाशाकडे बघेल. पार्टिंग रीबच्या जाडीच्या मध्यावर घ्या. आता वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांची खोली ५० मिमीच्या आसपास, काहीही अडकत नाही, आणि बेसचा तळ मोल्डच्या बाजूच्या भिंतीला येतो. याचा आणखी एक फायदा आहे: ओतताना मळी, वाळूचे कण आणि वायू वर चढतात, म्हणून मोल्डच्या वरच्या बाजूला येणारा पृष्ठभाग सर्वांत खराब येतो. महत्त्वाचा मशीनिंगचा पृष्ठभाग शक्यतो खाली किंवा बाजूला ठेवावा. आपल्याकडे बॉसचा एक चेहरा वर येणारच, तर तिथे माल, म्हणजे मशीनवर कापून काढायची जादा जाडी, जास्त ठेवू.

पार्टिंग ठरलं की पुढे जाण्याआधी ज्या फौंड्रीत ओतणार तिथल्या मोल्डरला कागदावर दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे. त्याच्याकडे पेटी कोणत्या मापाची आहे, वाळू कोणती वापरतात, कोअर (भोकाच्या जागी ठेवायचा वाळूचा गाभा) सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूने कडक करून, करतात का, हे सगळं तिथेच कळतं.

५. मापांत काय काय मिळवायचं

श्रिंकेज. धातू थंड होताना आटतो. साध्या बिडाला १ टक्का, म्हणजे मीटरला १० मिमी. अॅल्युमिनियमला साधारण १.३, पितळेला दीड, पोलादाला २ टक्के. एसजीचं श्रिंकेज फौंड्रीगणिक बदलतं, त्यांनाच विचारा. यावरूनच कळेल की जुन्या पार्टला एम-सील लावून त्याचाच पॅटर्न म्हणून वापर केला तर काय होतं: २४० मिमीचा बेस २३७.६ होऊन हातात येतो, आणि मशीनिंगला माल तर नसतोच. तसंच बिडासाठी केलेला पॅटर्न पोलाद ओतायला वापरता येत नाही.

कॉन्ट्रॅक्शन पट्टी मिळते, तिच्यावर श्रिंकेज आधीच धरलेलं असतं. ती वापरायची तर सगळीकडे तीच वापरा. हिशोबात १ टक्का मिळवायचा आणि वर कॉन्ट्रॅक्शन पट्टीनेही मोजायचं, ही चूक फार होते. पहिल्या कामाला साधी पट्टी आणि कॅल्क्युलेटर बरं, आणि ड्रॉइंगवर ठळक लिहा: "पॅटर्नची मापं, साधी पट्टी."

मशीनिंगचा माल. ३०० मिमीपर्यंतच्या बिडाच्या पार्टला प्रत्येक पृष्ठभागाला ३ मिमी, मोठ्या सपाट पृष्ठभागाला ४. मोल्डमध्ये वर येणाऱ्या पृष्ठभागाला दीड मिमी अधिक. कंजूषी करू नका: ओतलेल्या बिडाची वरची कातडी कडक आणि वाळूने माखलेली असते. टूलची पहिली फेरी त्या कातडीच्या खालून गेली पाहिजे, नाहीतर टूलची धार लगेच जाते.

ड्राफ्ट. ओढण्याच्या दिशेला उभ्या असलेल्या प्रत्येक भिंतीला थोडा उतार. हाताने काढायच्या लाकडी पॅटर्नला दीड अंश धरा, म्हणजे ५० मिमी खोलीला सुमारे १.३ मिमी. आतल्या बाजूंना, जिथे वाळूचा उंचवटा पॅटर्नच्या खळग्यात राहतो, तिथे दुप्पट. उतार नेहमी पार्टिंगकडे जाड असा. मशीनिंग होणाऱ्या भिंतीवर हिशोबाचं माप सर्वांत बारीक टोकाला धरा, म्हणजे माल कुठेच कमी पडणार नाही.

आता ब्रॅकेटचे आकडे:

बेसची लांबी: २४० × १.०१ = २४२.४.
बेसची जाडी: २२ अधिक तळाचे ४, म्हणजे २६, पॅटर्नवर २६.३.
बेसची रुंदी: ९० चे ९०.९, प्रत्येक अर्ध्यात ४५.५.
सेंटरची उंची: ११० + ४ = ११४; पॅटर्नवर ११५.१. पार्टिंगवर ड्राफ्टमुळे हीच ११६.३ होईल.
बॉसचा व्यास: ९०.९ टोकाला, पार्टिंगपाशी सुमारे ९३.७.
बॉसची लांबी: खालचा अर्धा ५० + ३ = ५३, पॅटर्नवर ५३.५. वरचा अर्धा ५० + ४.५ = ५४.५, पॅटर्नवर ५५.
भोक: ५० मधून दोन्ही बाजूंचे ३-३ वजा, ४४; पॅटर्नवर ४४.४. भोकाला माल ठेवायचा म्हणजे कोअर लहान करायचा. घाईत इथे अधिक केलं जातं, जपून.

बोल्टची १८ मिमीची भोकं ओतायची नाहीत, नंतर ड्रिल करायची. बिडात २०-२५ मिमीपेक्षा लहान भोकासाठी कोअर ठेवणं म्हणजे त्रासच. त्याचप्रमाणे पुलीच्या व्ही-खाचा आणि गियरचे दात पहिल्या कामात ओतायच्या भानगडीत पडू नका. भरीव ब्लँक ओता आणि दात कापून घ्या.

६. लाकूड

पॅटर्नसाठी जुनं, पूर्ण वाळलेलं सागवान उत्तम. शिवणही छान, हलकं, कमी मुरडणारं आणि पटाशीला सोपं. टिंबर मार्केटातल्या वखारीत नवीन फळीपेक्षा जुन्या घराच्या उतरवलेल्या तुळया-दारं मिळाली तर ती घ्या, मात्र खिळे शोधून काढा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड ओल पितं. लांबीच्या दिशेने फरक जवळजवळ पडत नाही, पण रुंदीत पडतो: आडव्या कापाची २०० मिमी रुंद सागवानी फळी उन्हाळा ते पावसाळा दीड-दोन मिमी फुगू शकते. आपलं सगळं श्रिंकेजच दोन-अडीच मिमी आहे, म्हणजे हा फरक किरकोळ नव्हे. म्हणून रुंद आणि सपाट भाग मरीन प्लायचे करा आणि जाड तुकडे फळ्या एकमेकींवर चिकटवून, रेषा आलटून-पालटून ठेवून करा. एमडीएफला हात लावायला छान वाटतं, पण ओल्या वाळूत त्याच्या कडा फुगतात. एका ओतकामापुरता चालेल, ठेवणीच्या पॅटर्नला नाही.

गुऱ्हाळाचं काम असेल तर पॅटर्न मे महिन्यात करून ठेवा. दिवाळीच्या तोंडावर सगळेच धावतात आणि तेव्हा लाकूडही पावसाचं ओलावलेलं असतं.

७. बांधणी

पहिली युक्ती अशी: ९ मिमी प्लायचे दोन तुकडे एकमेकांवर शिकंज्याने घट्ट आवळा, वरच्यावर बेस-रीब-बॉसचा पूर्ण बाह्याकार आखा, आणि आकार कापण्याआधीच दोन्हींतून डॉवेलची भोकं एकदम पाडा. मग एकत्रच कापा. दोन अर्धे भाग असे जन्मापासून जुळलेले राहतात. वेगवेगळे करून नंतर जुळवायला गेलात की अर्धा-एक मिमी सरकतातच, आणि कास्टिंगवर मधोमध पायरी येते.

डॉवेल एक बेसच्या टोकाजवळ आणि दुसरा बॉसजवळ घ्या, मध्यरेषेपासून वेगवेगळ्या अंतरावर. सारख्या अंतरावर घेतले तर घाईत एखादा अर्धा उलटा बसू शकतो. डॉवेल हाताने सहज निघाला पाहिजे. घट्ट बसला तर मोल्डरने वरची पेटी उचलताना वरचा अर्धा खालच्याला अडकून वाळू फोडतो.

दोन प्लायची जाडी मिळून १८ झाली, हीच रीब. बाजारातला "९ मिमी" प्लाय प्रत्यक्षात ८.५ सुद्धा भरतो, मोजून घ्या.

आता प्रत्येक प्लायवर थर चढवा. बेसच्या जागी २६.३ मिमी जाडीची सागवानी पट्टी, उंची ३६.५ (४५.५ मधून प्लायचे ९ गेले). बॉसच्या जागी कातलेली चकती, खालच्या अर्ध्यात ४४.५ आणि वरच्यात ४६ उंच. चकती कातताना कातारी ड्राफ्टही काढून देईल, त्याला अंश सांगू नका, दोन टोकांचे दोन व्यास सांगा. फेविकॉल लावून आवळा, एक रात्र सोडा, मग पार्टिंगच्या बाजूने स्क्रू मारा आणि स्क्रूची डोकी खोल बुडवून पुट्टीने भरा. नुसत्या खिळ्यांवर विसंबू नका: मोल्डर पॅटर्न सैल करायला ठोकतो, त्या ठोक्यांनी खिळे ढिले पडतात.

ते ठोकणं होणारच, म्हणून सोय तुम्हीच करा. प्रत्येक अर्ध्याच्या पार्टिंग पृष्ठभागात ५ मिमी जाड लोखंडी पट्टी बसवा, तिला एम-८ चा आटा. मोल्डर त्यात रॉड फिरवून ठोकेल आणि त्यानेच उचलेल. ही पट्टी नसली तर तो लाकडात टोकदार सळई ठोकतो आणि चार मोल्डनंतर पॅटर्नला खड्डा पडतो.

शेवटी तपासणी: अर्धा भाग काचेवर पार्टिंग खाली करून ठेवा आणि बरोबर वरून बघा. सगळ्या भिंती थोड्या-थोड्या दिसल्या पाहिजेत. मग गुण्या काचेवर टेकवून भिंतीला लावा: खाली टेकला आणि वर फट दिसली तर ड्राफ्ट बरोबर. खाली फट दिसली तर तो भाग वाळूत अडकणार, आताच रंधा मारा.

८. कोअर प्रिंट आणि कोअर बॉक्स

भोक पॅटर्नमध्ये पाडायचं नसतं. उलट, भोकाच्या जागी बॉसच्या दोन्ही टोकांना लाकडी खुंट बसवायचे, ते कोअर प्रिंट. त्यांनी वाळूत केलेल्या खळग्यात वाळूचा कोअर उभा राहतो आणि धातू त्याच्या भोवती भरतो.

खालचा प्रिंट ३५ मिमी लांब, ३ अंश टेपर. वरचा २५ मिमी, १० अंश टेपर, म्हणजे वरची पेटी आंधळेपणाने खाली येताना कोअरवर आपोआप बसते. वरचा सरळ ठेवला तर पेटी बंद होताना कोअरची कड खरवडते आणि ती वाळू थेट धातूत जाते. प्रिंटचा व्यास कोअरपेक्षा अर्धा मिमी मोठा ठेवा, ४४.९. कोअरची लांबी एकूण प्रिंटसकट १६८.५ येते, तिथे १६७.५ करा. एक मिमी वर मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर पेटी कोअरवर टेकून पार्टिंगला फट राहते आणि धातू बाहेर पळतो.

कोअर बॉक्स दोन अर्ध्या ठोकळ्यांचा, प्रत्येकात ४४.४ व्यासाची अर्धगोल खोबण. ही खोबण बरोबर अर्धगोल झाली की नाही हे ओळखायची जुनी पद्धत फार सुंदर आहे. गुण्याचा बाहेरचा काटकोनी कोपरा खोबणीत घाला. दोन्ही हात खोबणीच्या दोन कडांना टेकलेले असताना कोपरा गोलाईला सगळीकडे टेकत फिरला, तर अर्धवर्तुळ अचूक. कोपरा अधांतरी राहिला तर खोबण जास्त खोदली गेली. एखादा हात कडेवरून उचलला गेला तर तिथे अजून लाकूड काढायचं आहे. खोबणीत खडू फासून गुण्या फिरवा, जिथे खडू पुसला जाईल तिथेच गोल पटाशी चालवा.

टोकांच्या टेपरसाठी आतून टेपर असलेल्या दोन कड्या कातून घ्यायच्या आणि अर्ध्या करून खोबणीच्या टोकांना बसवायच्या. करवतीने अर्ध्या केल्या तर करवतीच्या जाडीइतकं माप जातं. त्यासाठी कातण्याआधी दोन फळ्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून चिकटवा, जोडावर सेंटर धरून कातून घ्या, आणि नंतर पटाशीचा हलका ठोका द्या. कागद फाटतो, कडी बरोबर मध्यावर उघडते.

बॉक्सवर "चरक ब्रॅकेट, कोअर १ नग, सीओटू, मध्ये ६ मिमी व्हेंट" असं लिहा. कोअरमधला वायू बाहेर पडायला वाट नसली तर तो धातूतून बुडबुडे काढत निघतो. ते ब्लो होल बाहेरून दिसत नाहीत, बोअर करतानाच उघडे पडतात.

९. गोल, मोठ्या पार्टसाठी एक पोटपायरी

पुली किंवा फ्लायव्हीलची रिम एका फळीतून कापू नका. रेषा एका दिशेला असल्याने ती अंडाकृती होते. सहा तुकड्यांची कडी करा: प्रत्येक तुकडा ६० अंशांचा, दोन्ही टोकं ३० अंशांत कापलेली. अशा कड्या एकावर एक चिकटवताना वरच्या कडीचा जोड खालच्या तुकड्याच्या मध्यावर आला पाहिजे, विटांच्या भिंतीसारखा. मग कातून घ्या. आणि लक्षात ठेवा, आऱ्या आणि कोअरमधली वाळू रिमला मोकळेपणी आटू देत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष श्रिंकेज १ टक्क्यापेक्षा कमी भरतं.

१०. फिलेट, पुट्टी, रंग

आतला प्रत्येक कोपरा गोल करा. आपल्या जाडीला ६ मिमी त्रिज्या पुरते. धारदार कोपऱ्यात दोन अडचणी येतात: मोल्डमधली वाळूची धार तुटून वाहून जाते, आणि थंड होताना धातूचे दाणे दोन्ही बाजूंनी येऊन त्याच रेषेवर भेटतात, तिथे तडा जायला वाट मिळते. तुमचा जुना ब्रॅकेट कुठे तुटला ते बघा, बहुतेक वेळा बॉस आणि रीबच्या कोपऱ्यातच. मोडलेला पार्ट पाहून त्या जागी फिलेट दोन मिमी वाढवणं ही पॅटर्न करणाऱ्याच्या हातातली खरी दुरुस्ती आहे. मात्र शेजारी नट-वॉशर बसत असेल तर जागा राहते का तपासा.

मेणाची फिलेट पट्टी गरम केलेल्या गोळीच्या हत्याराने दाबतात. ठेवणीच्या पॅटर्नला चामड्याची पट्टी किंवा पुट्टीची फिलेट टिकते.

मग चपड्याचा पहिला हात. लाकडाचे तंतू उभे राहतील. सुकल्यावर २२० चा पेपर मारा, पुट्टी भरा, पुन्हा पेपर, आणि रंगाचे दोन-तीन हात. वाळूतली ओल लाकडात शिरू नये आणि वाळू चिकटू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. स्क्रूची भोकं, पार्टिंगची बाजू, कोअर बॉक्सची आतली बाजू आणि प्लायच्या कडा, सगळं रंगवा. न रंगवलेली एक कडसुद्धा पाणी ओढते.

कच्चा पृष्ठभाग, मशीनिंगचा पृष्ठभाग आणि कोअर प्रिंट यांना वेगवेगळे रंग देतात. कोणत्याला कोणता, हे सगळीकडे सारखं नाही. तुमच्या फौंड्रीची पद्धत विचारा आणि पार्टिंगच्या बाजूला रंगांची यादी लिहून ठेवा. पार्ट नंबर उमटवायचा असेल तर अक्षरं पॅटर्नवर सरळच लावा, उलटी नकोत: पॅटर्नवर जसं दिसतं तसंच कास्टिंगवर दिसतं.

११. फौंड्रीत देताना

ट्रॅक्टर आणि गाड्यांचे पार्ट ओतणाऱ्या, मोल्डिंग लाइनवर चालणाऱ्या मोठ्या फौंड्र्या एक-दोन नग घेत नाहीत, तिथे वेळ घालवू नका. हाताने मोल्ड करणारी जॉबिंग फौंड्री शोधा.

सोबत हे द्या:
पॅटर्नचे दोन अर्धे, कोअर बॉक्सचे दोन अर्धे, आणि सुटे तुकडे असतील तर त्यांची मोजणी.
तयार पार्टचं ड्रॉइंग, मशीनिंगचे पृष्ठभाग खुणा करून.
धातूची ग्रेड. अशा ब्रॅकेटला एफजी २०० किंवा एफजी २६० पुरते, हे आयएस २१० मधले ग्रेड आहेत. नुसतं "चांगलं बीड" असं म्हणू नका.
नगांची संख्या आणि अंदाजे वजन.
परत मिळण्याच्या नोंदीसह चलन, त्यावर पॅटर्नचं वर्णन आणि तुकड्यांची संख्या. एक प्रत सहीसकट स्वतःकडे.

दर किलोवर ठरतो, पण एक-दोन नगांना ठोक रक्कम मागतात. कोअर, फेटलिंग (ओतलेल्या पार्टची साफसफाई) त्यात धरलं आहे का हे आधी विचारा. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: "बॉसवर रायझर ठेवणार ना?" रायझर म्हणजे गोठताना पार्टला धातू पुरवणारा जादा साठा. बॉस जाड, रीब पातळ. रीब आधी गोठते आणि बॉसला धातू पुरवायला कुणी राहत नाही, मग बॉसच्या पोटात पोकळी पडते. मोल्डरला हे माहीत असतंच, पण तुम्हीही विचार केला आहे हे कळलं की काम जपून होतं.

१२. पहिला नग ओता, तपासा, मगच पुढचे

पाच नग हवे असले तरी आधी एकच ओतून घ्या. काचेवर किंवा सरफेस प्लेटवर ठेवा, चुना फासा आणि तयार पार्टच्या रेषा आखा: भोकाचा मध्य, बेसचा तळ, बॉसचे चेहरे. प्रत्येक रेषेबाहेर माल उरतो का बघा.

पार्टिंगवर पायरी आली असेल तर डॉवेल ढिले आहेत किंवा पेटीच्या पिना झिजल्या आहेत. दुसऱ्या नगात पायरी वेगळ्या दिशेला आली तर दोष पेटीचा किंवा ढिल्या डॉवेलचा, प्रत्येक वेळी त्याच दिशेला आली तर तुमच्या पॅटर्नचे दोन अर्धेच नीट जुळलेले नाहीत. भोक एका बाजूला सरकलं असेल तर प्रिंट तपासा, बॉसच्या मध्यावर नाहीत. ड्रिल लागत नाही इतकं कडक लागलं तर तो भाग बहुधा ५-६ मिमीपेक्षा पातळ आहे. पातळ कड झपाट्याने थंड झाली की बीड पांढरं आणि काचेसारखं कडक होतं. कड जाड करा.

दुरुस्ती लाकडावर करताना ड्रॉइंगवरही लिहा. पुढच्या वेळी पॅटर्न हातात घेणारा माणूस कदाचित दुसराच असेल.

काम संपल्यावर पॅटर्न फौंड्रीत सोडू नका, तिथे उन्हात, वाळूत आणि भट्टीच्या धगीत तो मुरडतो. आणल्यावर ब्रशने वाळू झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका. दोन्ही अर्धे डॉवेलमध्ये बसवून दोरीने बांधा, सुटे तुकडे कापडी पिशवीत घालून त्याच दोरीला अडकवा, आणि भिंतीला न टेकवता फळीवर सपाट ठेवा. पार्टिंगच्या बाजूला तेलरंगाने लिहा: मालकाचं नाव, मशीन, धातू, श्रिंकेज १ टक्का, कोअर बॉक्स १, सुटे तुकडे किती.